चार मीटरचे विजेवरचे ग्लायडर: कोकणात उडवायचे खरे, पण उतरवायचे कुठे?

सड्यावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गेल्या पावसाळ्यात कलमांची कामे थांबलेली असताना मी घराच्या पडवीत रेडिओवर चालणारे एक मोठे ग्लायडर बांधले. पंखविस्तार 4 मीटर, पंखाची सरासरी रुंदी 22 सेंटिमीटर आणि बॅटरीसह वजन 3.6 किलो. म्हणजे पंखाच्या दर चौरस डेसिमीटरवर साधारण 41 ग्रॅम भार येतो. पंखाचा गाभा थर्माकोलचा असून तो तापलेल्या तारेने कापला आहे. त्यावर दीड मिलिमीटर बाल्सा (हलके लाकूड) चिकटवला आहे आणि वर-खाली 10 बाय 2 मिलिमीटरच्या कार्बनच्या पट्ट्या आहेत. नाकात सुमारे 540 वॉटची ब्रशलेस मोटर, घडी होणारा प्रॉप (पंखा) आणि चार सेलची 3300 एमएएचची (मिलिअँपिअर-तासांची) लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटरी आहे.

पावसाळ्यात इपॉक्सीने पुष्कळ त्रास दिला. हवेतल्या दमटपणामुळे सुकलेल्या थरावर मेणासारखा चिकट पापुद्रा येई. तो कोमट पाण्याने पुसून, पॉलिश पेपर मारून मगच पुढचा थर द्यावा लागे. दोन जोड हे न करता घाईने चिकटवले आणि ते दोन्ही नुसते हाताने ओढताच सुटले, तेव्हा अक्कल आली.

पहिली दोन उड्डाणे देवगड तालुक्यातल्या आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, झाली. वर जाण्याबाबत तक्रार नाही. चुलतभावाने हातातून सोडले आणि 15 सेकंदांत ते सुमारे 100 मीटरवर पोचले. एका चढाईला जेमतेम दीडशे एमएएच खर्च होतात, त्यामुळे बॅटरीचा पाचवा हिस्सा राखून ठेवला तरी हिशेबाने सतरा चढाया मिळतात. दुःख उतरण्याचे आहे. कार्तिकातले पिवळे गवत वरून गादीसारखे दिसते, पण खाली जांभ्याचे दात असतात. पहिल्या वेळी नाकापासून पंखापर्यंतचे पोट किसणीवर गाजर किसावे तसे किसले गेले. दुसऱ्या वेळी खाली सोडलेले फ्लॅप (पंखामागच्या खाली वळणाऱ्या झडपा) दगडाला अडकले आणि ते हलवणाऱ्या दोन्ही सर्व्हो मोटरींच्या चक्रांचे दात गेले. आमचे आबाकाका आयुष्यात विमानात बसलेले नाहीत, पण पहिल्याच दिवशी गडग्यावर (दगडी कुंपणावर) बसून ते म्हणाले होते, “झिला, ह्यां इमान उडतलां तां ठीक, पण उतरतलां खंय?”

तोच प्रश्न मी इथे मांडतो. किनारपट्टीवर एवढे मोठे मॉडेल उडवणारे कुणी असल्यास आपण ते कुठे आणि कसे उतरवता, हे कृपया सविस्तर लिहावे.

ओहोटी

मी गुहागरकडचा. माझे मॉडेल तुमच्यापेक्षा लहान, अडीच मीटरचे आहे. मी सड्याचा नाद केव्हाच सोडला आणि पुळणीवर, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूवर, उतरवतो. मात्र कोरड्या, भुसभुशीत वाळूवर कधीही उतरवू नये. तिथे नाक रुतते आणि मॉडेल कोलांटी खाते. भरतीचे पाणी नुकतेच मागे गेलेल्या ओल्या वाळूचा पट्टा सिमेंटच्या कोब्यासारखा घट्ट आणि सपाट असतो. तोच आपला धावपट्टा.

आता तो पट्टा केव्हा मिळतो ते पाहा. आमच्याकडचे जुने लोक तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराचे पाऊणपट, म्हणजे सव्वाअकराला भरती आणि साडेपाचच्या आसपास ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे, तासभर इकडेतिकडे होतो आणि नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातच पाहावी. पण त्यातली गंमत आपल्या कामाची आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, त्यामुळे पाणी नेहमीपेक्षा जास्त मागे जाते, आणि ते नेमके संध्याकाळी उडवण्याच्या वेळेला. अष्टमीच्या भांगाला (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) संध्याकाळी गेलात, तर पाणी वर चढलेले सापडेल. त्यामुळे मी महिन्यातले चार-पाच दिवस पंचांग पाहून ठरवतो. बायको म्हणते की एवढ्या श्रद्धेने मी एकादशीही केली नाही.

जुना सुतार

धागाकर्त्यांना माझा आधी एक वेगळा प्रश्न आहे, आणि तो उतरण्याच्या आधीचा आहे. पंखात वरच्या आणि खालच्या कार्बन पट्टीच्या मध्ये नेमके काय आहे? आपण फक्त थर्माकोल लिहिले आहे. तेवढेच असेल, तर कृपया पुढचे उड्डाण करू नये.

सड्यावरचा

सुतारकाका, मध्ये थर्माकोलच आहे. मुळापासून 30 सेंटिमीटरपर्यंत मात्र तीन मिलिमीटरचा बाल्सा उभा घातला आहे. कार्बन एवढा भक्कम असताना मधल्या भागाला काम काय, असे मला वाटले होते.

जुना सुतार

काम आहे, आणि तेच मुख्य आहे. हा हिशेब तरफेचा आहे, इंजिनिअर असण्याची गरज नाही. डाइव्हमधून झटक्याने वर ओढले की पंखांवर वजनाच्या पाचपट भार सहज येतो, म्हणजे 18 किलो. अर्धा 9 किलो एका बाजूच्या पंखावर. तो सगळा भार मुळापासून साधारण 85 सेंटिमीटरवर आहे असे धरा. तुमच्या पंखाची मुळाशी जाडी 22 मिलिमीटरच्या आसपास असणार, म्हणजे दोन पट्ट्यांमध्ये मधून मधापर्यंत सुमारे 1.8 सेंटिमीटर अंतर. 9 गुणिले 85 भागिले 1.8, उत्तर 425. वरची पट्टी सव्वाचारशे किलोंच्या जोराने दाबली जाते आणि खालची तेवढ्याच जोराने ताणली जाते. 20 चौरस मिलिमीटरचा कार्बन हे सहज सोसतो, पण केव्हा? दोन्ही पट्ट्या एकमेकींपासून ठरल्या अंतरावर राहिल्या तर. दाबली जाणारी पट्टी बाजूला पळू पाहते आणि थर्माकोल तिला धरून ठेवू शकत नाही. तो आतल्या आत फाटतो, पट्टी वाकते आणि पंख छत्रीसारखा मिटतो. माझा 3.2 मीटरचा पंख असाच मिटला आहे. वरून आलेला तो “टप्” आवाज अजून कानात आहे. कार्बनची पट्टी मात्र अखंड सापडली, तिच्यावर साधा चराही नव्हता!

उपाय असा. बाल्साचा उभा पडदा निदान पंखाच्या दोन-तृतीयांश लांबीपर्यंत न्यावा. लाकडाचे रेषे उभे असावेत, पंखाच्या लांबीच्या दिशेने नव्हे. ही चूक फार जण करतात, कारण बाल्साची पट्टी लांबीत कापणे सोपे पडते. मुळाजवळ बाल्साऐवजी दीड मिलिमीटर प्लायवुड घालावे, कारण दोन पंख जोडणारी दांडी जिथे संपते तिथे जोर एकदम बदलतो. त्या भागात पट्ट्या आणि पडदा मिळून वरून काचतंतूचा किंवा केव्हलरचा धागा इपॉक्सीत भिजवून गुंडाळावा. जाळ्याचा नायलॉन घरात फुकट पडलेला असतो, पण तो वापरू नये. तो ताण आल्यावर लांबतो आणि इपॉक्सीलाही नीट धरत नाही.

नंतर चाचणी घ्या. दोन्ही पंख जोडून मधून प्रत्येकी 85 सेंटिमीटरवर दोन पाटांवर गाद्या घालून टेकवा आणि मधोमध वाळूच्या पिशव्या एकेक किलोने वाढवत 18 किलोपर्यंत न्या. कान लावून ऐका. पंख वाकला तर हरकत नाही, पण तो बोलता कामा नये.

वाऱ्याची वही

वाऱ्याविषयी थोडे लिहितो, कारण पुळण असो वा सडा, उतरण्याची दिशा वाराच ठरवतो.

हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दुपारच्या सुमारास तो पडतो, थोडा वेळ सगळे स्तब्ध असते, मग समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. तो दुपारनंतर भरात येतो आणि सूर्य बुडाल्यावर ओसरतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या कड्यावर याच खाऱ्या वाऱ्यावर मोटर बंद ठेवून तासभर तरंगता येते, कारण कड्याला आपटलेली हवा वर चढते. सकाळी त्याच कड्याबाहेर नेलेत, तर हवा खाली उतरत असते आणि मॉडेल पाण्यात जाते. ज्याला कड्याचा मोह आहे त्याने हे आधी लक्षात ठेवावे.

आता तुमच्या सड्यावरच्या फजितीचे दुसरे कारण. जांभ्याचा कडा बहुधा एकदम तुटलेला असतो, त्याला उतार नसतो. वारा त्या धारेवरून उडी मारतो आणि धारेमागे लगेच हवेचा भोवरा तयार होतो. त्या भोवऱ्यात जमिनीलगत वारा उलटा, समुद्राच्या दिशेने वाहताना मी रिबीन बांधलेल्या काठीवर पाहिला आहे. वाऱ्याला तोंड करून उतरतो आहोत अशा समजुतीने तुम्ही आलात आणि शेवटच्या दोन मीटरांत मॉडेल दगडासारखे पडले, असे झाले का? झाले असेल, तर कड्यापासून पुष्कळ आत उतरायला हवे.

भोवरा नसला तरी जमिनीलगत वारा मंदच असतो. तुमच्या मॉडेलचा तोल सुटण्याचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख वजन पेलू शकत नाही तो वेग, माझ्या हिशेबाने सेकंदाला साडेसात मीटरच्या आसपास आहे. शेवटच्या टप्प्यावर सेकंदाला दहा मीटर वेग राखावा. लोक मॉडेल हळू आणू पाहतात आणि समोरचा वारा अचानक कमी झाला की हवेतला वेगच संपतो.

थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणारे हवेचे झोत, हवे असतील, तर खारा वारा यायच्या आधी दहा ते बाराच्या दरम्यान सड्यावर शोधावेत. काळा कातळ तापला की घारी आपोआप जागा दाखवतात. खारा वारा आला की किनाऱ्यालगतची हवा शांत आणि एकसंध होते, मग तिथे थर्मलच्या मागे धावण्यात अर्थ नाही. मात्र समुद्रगरुडाचे घरटे जवळपास असेल, तर हिवाळ्यात ती जागा सोडून द्यावी. तो मॉडेलला घुसखोर समजतो, आणि त्याचे समजणे योग्यच आहे.

कागदपत्रे आधी

कुणी विचारले नाही, तरी सांगतो. ड्रोन नियम 2021 मध्ये आपली मॉडेल्सही येतात. करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेले, 25 किलोपर्यंतचे मॉडेल अशी वेगळी व्याख्या त्यात आहे. हिरव्या क्षेत्रात (जिथे पूर्वपरवानगी लागत नाही) मर्यादा 400 फुटांची, म्हणजे सुमारे 120 मीटर. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ती 200 फुटांवर येते. देवगडला अडचण नाही, पण परुळे, वेंगुर्ले, मालवणकडच्या मंडळींनी चिपीचा विमानतळ विसरू नये, तसेच रत्नागिरीकरांनी तटरक्षक दलाचा. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा त्या दिवशीच पाहावा. शिवाय सागरी पोलीस ठाण्यात आणि पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवावे. किनाऱ्यावर चार मीटरची वस्तू घिरट्या घालताना दिसली की कुणीतरी फोन करणारच, आणि त्याने तो करावाच.

दोन काठ्या

फ्लॅपच्या सर्व्होंविषयी. एवढे निसरडे ग्लायडर ब्रेकशिवाय उतरवणे म्हणजे बसस्टँडवर बर्फाची लादी सरकवण्यासारखे आहे, ते थांबतच नाही. फ्लॅप 60 अंश खाली, एलेरॉन (पंखाच्या टोकांकडच्या झडपा) 15 ते 20 अंश वर आणि त्यासोबत एलिव्हेटर (शेपटीची आडवी झडप) दोन-तीन मिलिमीटर खाली, हे मिश्रण रिमोटच्या डाव्या काठीवर घ्या आणि मोटर वेगळ्या स्विचवर ठेवा. एलिव्हेटरची भरपाई नसेल, तर फ्लॅप सोडताच नाक वर उठते आणि वेग मरतो. ही भरपाई जमिनीजवळ नव्हे, 80 मीटर उंचीवर जुळवायची.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टेकण्याच्या क्षणी फ्लॅप वर घ्यायचे. शेवटचे अर्धा मीटर उरले की काठी पुढे ढकलायची. चक्रांचे दात जमिनीमुळे जात नाहीत, फ्लॅप खाली राहिल्यामुळे जातात. एफ5जे या विजेवरच्या ग्लायडरच्या स्पर्धांत मोटर जास्तीत जास्त 30 सेकंद चालवून दहा मिनिटे तरंगायचे असते आणि खुणेपासून एक मीटरच्या आत नाक टेकले तर 50 गुण मिळतात. तिथले लोक वर्षभर सराव करतात तो तरंगण्याचा कमी आणि या शेवटच्या दहा सेकंदांचा जास्त.

पुळणीबद्दल मात्र ओहोटी यांच्याशी मी सहमत नाही. खारे पाणी ईएससीत (मोटरच्या वेगनियंत्रकात) एकदा शिरले की तो संपला, आणि खाऱ्या पाण्यात बुडालेली लिपो बॅटरी पुन्हा चार्ज करणे म्हणजे घरात निखारा ठेवणे. भातकापणीनंतरचा मळा का नको?

ओहोटी

मळ्यात बांध आहेत. आमच्या कुणग्यांची (भाताच्या वाफ्यांची) लांबी बारा-पंधरा मीटर, त्यानंतर हातभर उंचीची मेर, म्हणजे बांध. माझ्या अडीच मीटरच्या मॉडेलला ती दोनदा लागली आहे, चार मीटरला तर ती लागणारच. खाऱ्या पाण्याची भीती खरी आहे. म्हणून दिशा महत्त्वाची. आपल्या किनाऱ्यावर दुपारचा वारा नेमका पश्चिमेचा क्वचित असतो, बहुतेकदा वायव्येचा असतो. किनारा उत्तर-दक्षिण, किंचित वायव्येकडे कललेला. म्हणजे दक्षिणेच्या टोकाकडून उत्तरेकडे तोंड करून, पाणी डाव्या हाताला ठेवून आलात, तर वारा समोरून थोडा डावीकडून मिळतो आणि मॉडेल वाहवले तरी जमिनीकडे वाहवते, पाण्याकडे नाही. सुरूच्या बनावरून समुद्राच्या दिशेने उतरायला गेलात, तर झाडे ओलांडेपर्यंत अर्धी पुळण संपते आणि पुढे अरबी समुद्र आहे.

आणखी एक. साडेपाचला सूर्य थेट समुद्रावर असतो. मॉडेल त्याच्यासमोर नेऊ नये. एका क्षणात ते काळा ठिपका होते आणि पुढच्या क्षणी तोही नसतो. शिवाय भरतीच्या रेषेच्या वर कासवांची घरटी राखलेली असतील, तर तिकडे धावत जाऊ नये.

सड्यावरचा

मंडळी, तीन आठवडे गप्प होतो, त्याचे कारण सुतारकाका.

त्यांच्या सांगण्याप्रमाणे जुना पंख दुरुस्तीआधी, उत्सुकतेपोटी, पाटांवर टेकवला. अकराव्या पिशवीला आतून सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला. तेराव्याला उजव्या पंखावरचा बाल्सा मुळापासून फूटभर अंतरावर, म्हणजे माझा उभा पडदा जिथे संपला होता नेमक्या तिथेच, सुरकुतला. याच पंखाखाली मी दोन दिवस मान वर करून उभा होतो. थर्माकोल पट्टीलगत कापून उभ्या रेषांचा पडदा 1.35 मीटरपर्यंत नेला, मुळाशी प्लायवुड घातले, काचतंतू गुंडाळला. वजन 90 ग्रॅमने वाढले. दुसऱ्या चाचणीत 18 किलो ठेवले, पंखाची टोके चांगलीच उचलली गेली, पण आवाज आला नाही. आबाकाकांनी एकोणिसावी पिशवी हातात घेतली होती, ती मी काढून घेतली.

भोवऱ्याबद्दल वाऱ्याची वही यांचे म्हणणे बरोबर निघाले. कड्यापासून दहा पावलांवर काठीची रिबीन समुद्राकडे फडफडत होती आणि साठ पावलांवर जमिनीकडे. मी दोन्ही वेळा वीस पावलांवर उतरलो होतो.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मिठमुंबरीच्या पुळणीवर गेलो. पोलीस ठाण्यात आदल्या दिवशी सांगितले होते. साडेचारला वारा वायव्येचा, पाणी मागे सरत होते आणि ओला पट्टा सत्तर पावलांचा होता. वर सगळे व्यवस्थित झाले. फ्लॅपसोबतची एलिव्हेटरची भरपाई तीन मिलिमीटरवर कमी पडत होती, चारवर नाक सरळ राहिले.

पहिल्यांदा दक्षिणेकडून आलो तो फार उंच आलो. समोरून निघून जाताना मॉडेल माझ्या डोक्याच्या दुप्पट उंचीवर होते. ओढून खाली आणण्याचा मोह झाला, पण फ्लॅप वर घेऊन मोटर लावली आणि पुन्हा फेरी मारली. मोटर असल्याचा खरा उपयोग मला त्या क्षणी कळला. दुसऱ्यांदा वळण लांबून घेतले. कंबरेच्या उंचीवर येताच वारा मंदावल्याचे जाणवले, कारण रिमोटची काठी अचानक पोकळ वाटली, मॉडेल तिला नीट दाद देईना. वेग होता म्हणून निभावले. गुडघ्याच्या उंचीवर डावी काठी पुढे ढकलली, फ्लॅप सपाट झाले आणि पोट ओल्या वाळूवर सरकत गेले. चुलतभावाने नंतर घसरण्याची रेघ पावलांनी मोजली, ती नऊ पावले भरली. रेघेच्या शेवटी डावा पंख हळूच वाळूला टेकलेला होता.

नुकसान एवढेच की प्रॉपच्या घडीच्या बिजागरीत वाळू शिरली आणि पुढच्या उड्डाणाला मोटर थांबल्यावर एक पाते अर्धवट उघडे राहिले. ईएससीचा ब्रेक चालू होता, तरीही. घरी येऊन गोड्या पाण्याने बिजागरी धुतली, कोरडी केली आणि शिवणयंत्राचे तेल टाकले. तेल टाकले की पुढच्या वेळी वाळू जास्त चिकटेल अशी शंका आहे. कोरडे ग्रॅफाइट वापरून कुणी पाहिले आहे का?

जुना सुतार

ग्रॅफाइट चालेल. पेन्सिलीचे शिसे पॉलिश पेपरवर घासून केलेली भुकटीही पुरते. तेल आधी स्पिरिटने पूर्ण पुसून काढा.